छोट्या प्रॅक्टिसने हॉस्पिटलच्या एसीओत जावं की डॉक्टरांच्या? करारात काय तपासायचं?

माजघर:
न्यू जर्सीत चार डॉक्टरांची इंटर्नल मेडिसिनची प्रॅक्टिस, टॅक्स आयडी एकच. मूळ मेडिकेअरचे (ज्येष्ठांचा सरकारी विमा), म्हणजे खासगी कंपन्यांचे अ‍ॅडव्हान्टेज प्लॅनवाले सोडून, साधारण 900 पेशंट. दोन अकाउंटेबल केअर ऑर्गनायझेशनकडून (एसीओ: पेशंटच्या एकूण खर्चाची आणि गुणवत्तेची जबाबदारी मिळून घेणारा डॉक्टर-हॉस्पिटलांचा गट) बोलावणं आहे: एक जवळच्या हॉस्पिटल सिस्टिमचं, दुसरं स्वतंत्र डॉक्टरांनी मिळून चालवलेलं. दोन्ही मेडिकेअर शेअर्ड सेव्हिंग्ज प्रोग्रॅममध्ये आहेत, म्हणजे खर्च वाचला तर त्यात वाटा. वाटा आणि जोखीम किती ते ट्रॅकवर ठरतं. हॉस्पिटलवाले एन्हान्स्ड ट्रॅकवर, ‘बचतीतला 75 टक्क्यांपर्यंत वाटा’ सांगतात. डॉक्टरवाले बेसिक ट्रॅकच्या ई लेव्हलवर, तिथे 50. आकडा बघून हॉस्पिटल बरं वाटतंय. सही करण्याआधी काय बघायचं? दोन्हीकडे राहता येतं का?

हिशेबी:
दोन्हीकडे राहता येत नाही. ज्या टॅक्स आयडीवरून प्रायमरी केअरची बिलं जातात तो एका वेळी एकाच एसीओत असू शकतो, आणि त्या आयडीखाली बिल करणारे सगळे आपोआप आत येतात. दोघे इकडे, दोघे तिकडे असं जमत नाही.

आता 75 विरुद्ध 50. तोट्याची बाजू कुणी आपणहून दाखवत नाही, म्हणून आधी तीच बघा. समजा दोन्हीकडे 10,000 पेशंट आणि बेंचमार्क, म्हणजे मेडिकेअरने ठरवलेला अपेक्षित वार्षिक खर्च, डोक्यामागे 12,000 डॉलर. एकूण 12 कोटी. वर्षात खर्च 6 टक्के जास्त झाला, म्हणजे 72 लाखांचा तोटा.

ई लेव्हलला तोट्यातला 30 टक्के एसीओला मेडिकेअरला भरावा लागतो: 21 लाख 60 हजार. पण त्यावर मर्यादा आहे: एसीओतल्या सगळ्यांच्या मेडिकेअर उत्पन्नाच्या 8 टक्के किंवा बेंचमार्कच्या 4 टक्के, यातलं जे कमी ते. डॉक्टरांच्या एसीओचं मेडिकेअर उत्पन्न 1 कोटी धरलं तर देणं 8 लाखांवर थांबतं. एन्हान्स्डला वाटा कमीत कमी 40 टक्के, म्हणजे 28 लाख 80 हजार, आणि मर्यादा थेट बेंचमार्कच्या 15 टक्के, 1 कोटी 80 लाख. उत्पन्नाशी तिचा संबंधच नाही.

उलट बाजूने 4 टक्के बचत झाली तर 48 लाखांतले एन्हान्स्डला 36 आणि ई ला 24 लाख, तेही गुणवत्तेचा निकष पार केला तर. त्यातून सीक्वेस्ट्रेशनचे (सरकारी खर्चातली सक्तीची कपात) 2 टक्के कापले जातात.

पण 36 लाख एसीओला मिळाले म्हणजे तुम्हाला मिळाले असं नाही. वाटप कसं करायचं हे सरकार ठरवत नाही, गव्हर्निंग बॉडी ठरवते. करारात वाटपाचं कलम शोधा. ‘नेट सेव्हिंग्ज’ असा शब्द असेल तर आधी काय काय वजा होणार त्याची यादी मागा: केअर मॅनेजर, सॉफ्टवेअर, मॅनेजमेंट कंपनीची टक्केवारी, मागच्या वर्षांचा साठलेला खर्च. हे शेवटचं फार गोड भाषेत लिहिलेलं असतं.

उंबरठा:
हिशेबींच्या आकड्यांत एक मुद्दा राहिला. हॉस्पिटलचं गणितच वेगळं आहे. त्यांच्याच बेडवरची 15,000 डॉलरची एक अ‍ॅडमिशन टळली, तर त्यांचे 15,000 आज गेले आणि 75 टक्के धरले तरी 11,250 पुढच्या वर्षी परत आले. तेही सगळं जुळलं तर. म्हणून हॉस्पिटलच्या एसीओंचा जोर बहुधा डिस्चार्जनंतरच्या खर्चावर असतो: नर्सिंग फॅसिलिटीतले दिवस, होम हेल्थ. तिथे पैसा वाचतो आणि स्वतःच्या उत्पन्नाला धक्का लागत नाही. डॉक्टरांच्या एसीओला प्रत्येक टळलेली अ‍ॅडमिशन हा निव्वळ फायदा. मेडिकेअरच्या निकालांत कमी उत्पन्नाचे, म्हणजे डॉक्टरांचे एसीओ डोक्यामागे जास्त बचत करताना दिसतात ते उगीच नाही.

तरी हॉस्पिटलला सरसकट मोडीत काढू नका. ज्यांच्याकडे फॅसिलिटींचं जाळं बांधलेलं असतं, तिथे तीन दिवसांच्या अ‍ॅडमिशनशिवाय पेशंटला थेट नर्सिंग फॅसिलिटीत पाठवण्याची सवलत खरंच उपयोगी पडते. ही सवलत तोट्याची जोखीम घेणाऱ्या लेव्हलनाच मिळते आणि फॅसिलिटीला मेडिकेअरच्या रेटिंगमध्ये किमान 3 स्टार लागतात. दोन्ही एसीओंना त्यांच्या फॅसिलिटींची यादी मागा. यादी नसेल तर सवलत कागदावरच आहे.

माजघर:
आभार. हॉस्पिटलच्या माणसाचं म्हणणं, पेशंट कधी दवाखान्यातून सुटला हे त्यांच्याकडूनच कळेल, बाहेर राहिलात तर कळणार नाही. आणि रेफरल शक्यतो सिस्टिममध्येच द्यायचे. हे चालतं?

टिचकी:
पहिलं अर्धसत्य आहे. 2021 पासून अ‍ॅडमिशन, डिस्चार्जची सूचना पेशंटच्या प्रायमरी केअर डॉक्टरला पाठवणं हॉस्पिटलवर मेडिकेअरच्या अटीनेच बंधनकारक आहे. तुमची माहिती त्यांच्या सिस्टिममध्ये नीट नोंदलेली असली पाहिजे, एवढंच. गडबड इथेच होते: पेशंटने अ‍ॅडमिशनच्या वेळी डॉक्टर म्हणून जुनंच नाव सांगितलं, की सूचना तिकडे जाते.

दुसरं, प्रोग्रॅमच्या नियमात बसत नाही. स्वतंत्र प्रॅक्टिसला रेफरल एसीओच्या आतच द्या अशी सक्ती करता येत नाही, आणि पेशंट मूळ मेडिकेअरचा असल्याने कुठेही जायला मोकळा असतो. कलमात ‘शॅल रेफर’ असेल तर ते काढून घ्या.

आता कामाचं. सूचना आली की दोन कामकाजी दिवसांत फोन, मग गुंतागुंतीची केस असेल तर 7 दिवसांत व्हिजिट (बिलाचा कोड 99496), मध्यम असेल तर 14 दिवसांत (99495). फोन कुणी, कधी केला ते नोंदवलं नाही तर कोड बिल करू नका. दोनदा प्रयत्न करूनही पेशंट भेटला नाही तर तेही लिहा, चालतं.

गुणवत्तेत मार्क जातात ते उपचार चुकल्यामुळे कमी, नोंद नसल्यामुळे जास्त. मधुमेहीची वर्षभरात एचबीए1सी (सरासरी साखरेची तपासणी) झालीच नाही तर पेशंट ‘नियंत्रणाबाहेर’ धरला जातो. रक्तदाबाचं वर्षातलं शेवटचं मोजमाप 140/90 च्या खाली लागतं. नोव्हेंबरात 152/88 आलं तर पेशंटला पाच मिनिटं बसवून पुन्हा घ्या; त्याच दिवसाची अनेक मोजमापं असतील तर सर्वांत कमी सिस्टॉलिक आणि सर्वांत कमी डायस्टॉलिक धरतात. दुसरं मोजमाप नोट्सच्या मजकुरात टाकलं आणि व्हायटल्सच्या रकान्यात नाही, तर रिपोर्टला ते दिसतच नाही.

एसीओला आणखी एक विचारा: गुणवत्तेचं रिपोर्टिंग ईसीक्यूएमने करता की मेडिकेअर सीक्यूएमने (मोजण्याच्या दोन पद्धती)? पहिल्यात तुमचे सगळे पेशंट मोजले जातात, खासगी विम्याचेसुद्धा. दुसऱ्यात फक्त मूळ मेडिकेअरचे. काम किती पडणार ते यावर ठरतं.

हिशेबी:
तुमचे 900 म्हणजे एसीओच्या हिशेबात 900 नसतील. पेशंट तुमच्या नावावर लागतो तो प्रायमरी केअरच्या मंजूर रकमेवर, व्हिजिटच्या संख्येवर नव्हे. हिवाळाभर फ्लोरिडात राहून तिथल्या डॉक्टरकडे जाणारे आजी-आजोबा अशाने हातचे जातात. त्यावर दोन उपाय. वार्षिक वेलनेस व्हिजिट (G0438, नंतर G0439) त्यांच्या जाण्याआधी उरकणं, कारण ती या रकमेत धरली जाते. आणि पेशंटला मेडिकेअरच्या साइटवर आपला मुख्य डॉक्टर म्हणून तुमची नोंद करायला सांगणं. ती नोंद क्लेम्सच्या (बिलांच्या) हिशेबावर मात करते.

सहीआधी दोन्ही एसीओंना त्यांच्या यंत्रणेतून तुमच्या पेशंटचा डोक्यामागचा खर्च जिल्ह्याच्या सरासरीच्या तुलनेत काढून मागा. बेंचमार्कमध्ये प्रादेशिक समायोजन (परिसरातल्या खर्चाशी तुलना) असतं आणि सभासदांची यादी बदलली की बेंचमार्क नव्याने निघतो. तुमचे पेशंट परिसरापेक्षा स्वस्तात सांभाळले जात असतील तर तुम्ही त्यांना हवे आहात, आणि वाटपाची अट तुम्ही घालू शकता.

मिप्सच्या (गुणांवरून डॉक्टरांची मेडिकेअर फी कमी-जास्त करणारी योजना) दृष्टीने दोन्ही सारखेच: ई आणि एन्हान्स्ड दोन्ही अ‍ॅडव्हान्स्ड एपीएम (जोखमीसह पैसे देण्याची पर्यायी पद्धत) आहेत, त्यामुळे पात्र ठरलात तर मिप्समधून सुटका होते आणि 2026 पासून फीच्या कन्व्हर्जन फॅक्टरमध्ये (फी काढायचा गुणक) 0.25 ऐवजी 0.75 टक्के वाढ मिळते. त्यासाठी एक सोडून दुसरं घेण्यात अर्थ नाही.

उंबरठा:
बाहेर पडण्याचं कलमही वाचा. वर्षाच्या मध्येच सोडलंत तरी त्या वर्षीच्या यादीत तुमचा आयडी राहतो आणि हिशेब त्यावरच होतो. वर्ष डिसेंबरला संपतं, क्लेम्स यायला तीन महिने देतात, आणि अंतिम निकाल पुढच्या उन्हाळ्याअखेर हातात येतो. बरेच करार म्हणतात, पैसे वाटताना सभासद असाल तरच वाटा. तोटा असेल तर मात्र गेलेल्यांकडूनही वसूल. ही दोन्ही वाक्यं सहसा वेगवेगळ्या पानांवर असतात. बचत आणि तोटा दोन्हींना एकच तारीख लावून घ्या, आणि तोटा भरणार कोण ते नावानिशी लिहून घ्या: एसीओचा राखीव निधी, हॉस्पिटल, की सभासद आपापल्या पेशंटसंख्येनुसार.