गावात हॉल बांधायचाय, पैसे कसे उभे करायचे?

सत्तरीचा_गावकर:
नमस्कार मंडळी. आमचा गाव गोव्यात सत्तरी तालुक्यात, चार वाडे (वस्त्या), घरं दीडशेच्या आसपास. सगळ्यांनी एकत्र बसायचं तर देवळासमोरचा मंडप तेवढा, तोही तिन्ही बाजूंनी उघडा. गेल्या श्रावणात भजनी सप्ताहाला असा पाऊस लागला की शेवटी दोन पोरं पेटीवर आणि तबल्यावर ताडपत्री धरून उभी राहिली आणि खाली भजन चालू. लग्नाला वाळपईत हॉल घ्यायचा तर भाडं वेगळं, गाड्या वेगळ्या, गरिबाला कसं परवडणार? एकजण जागा द्यायला तयार आहेत, तोंडी सांगितलंय. घरटी वर्गणी काढली तर पायापुरते होतील. बाकीचे कुठून आणायचे, कोणी केलंय का हे काम?

डिचोलीकर७२:
खासदार निधी बघा. एका खासदाराकडे वर्षाला 5 कोटी असतात आणि समाजसभागृह त्यात बसतं. राज्यसभेचे खासदार पण गोव्यात कुठेही निधी देऊ शकतात, लोक त्यांच्याकडे जातच नाहीत. ग्रामसभेचा ठराव जोडूनच पत्र द्या.

माटोळी:
भाऊ, पैशाचं नंतर, आधी ते "तोंडी" आहे ना तिथे थांबा. आमच्या गावात निधी मंजूर झाला होता, नारळसुद्धा फुटला, आणि मग कळलं की जागा देणाऱ्याच्या बायकोची सहीच नाही. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा 1867 चा सिव्हिल कोड, लग्नानंतर सहसा मालमत्ता दोघांची सामाईक, त्यामुळे बक्षीसपत्रावर दोघांची सही लागते, आणि मुलांचा कायद्याने ठरलेला अर्धा हिस्सा असतो तो डावलून सगळं देऊन टाकता येत नाही. मुलं मुंबईला, त्यांचं मन वळेपर्यंत वर्ष गेलं आणि निधी परत गेला. अजून त्या चौथऱ्यावर गवत वाढलंय, बघवत नाही.

म्हणून आधी एक-चौदाचा उतारा काढा, जमिनीवर कोणाकोणाचं नाव आहे ते त्यात दिसतं. कूळ, मुंडकार (दुसऱ्याच्या जागेत घर करून राहणारा) कोणी लागलंय का बघा, आणि सत्तरीत आहात तर जागा आल्वारा (पोर्तुगीज सरकारने लागवडीला दिलेली) किंवा मोकासोची (जुन्या इनामाची) तर नाही ना ते पहिलं बघा, तसं असेल तर देणाऱ्याच्याच नावावर पूर्ण हक्क नसेल. मग बांधकामासाठी सनद, म्हणजे जमीन बिगरशेती करायची परवानगी.

दुसरं, जागा कोणाच्या नावावर करायची ते आत्ताच ठरवा. पंचायतीला दिली तर सरकारी निधीची वाट सोपी. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे समाजकामासाठीचा निधी, हवा असेल तर (मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के खर्चावेच लागतात) तुमची नोंदणीकृत संस्था लागते, तिला 12ए, 80जी (आयकर खात्याच्या नोंदण्या, 80जी असली की देणगीदाराला करात सूट) आणि सीएसआर-1 नंबर (हा निधी घ्यायला लागणारी सरकारी नोंदणी) हवा आणि तशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव पण. आज संस्था काढून उद्या पैसे मिळत नाहीत. गावात जुनं नोंदणी झालेलं भजनी किंवा क्रीडा मंडळ असेल तर त्यांच्याशी बोला.

डिचोलीकर७२:
80जी मिळाली तर देणगी चेकने किंवा ऑनलाइन घ्या, 2000 च्या वर रोख दिली तर देणाऱ्याला सूट नाही. आणि लाईट बिल, कौलांची डागडुजी कोण करणार तेपण वर्गणीच्या बैठकीतच ठरवा.

सत्तरीचा_गावकर:
खूप आभार. आत्ताच उतारा ऑनलाइन बघितला, जागेवर त्यांच्या थोरल्या भावाचं पण नाव आहे आणि हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. भाऊ फोंड्याला असतात. रविवारी काका आणि मी त्यांच्याकडे जाऊन येतो, वर्गणीची वही तोपर्यंत उघडत नाही.