पहिलीच पोकर टूर्नामेंट, सवय मात्र तीन पत्तीची. काय सांभाळू?

अंबरनाथ_लोकल:
दिवाळीत तीन पत्ती खेळतच मोठा झालो. पोकर फक्त मोबाइलवर, फुकटच्या चिप्सवर. पुढच्या महिन्यात मित्रांबरोबर पणजीला चाललोय, तिथे कसिनोच्या बोटीवर छोटी टूर्नामेंट खेळायचा बेत आहे. टेक्सास होल्डेम (दोन पानं हातात, पाच टेबलावर सगळ्यांची), १०,००० चिप्स, ब्लाइंड (दर हाताला दोघांनी पानं बघण्याआधीच भरायची रक्कम, छोटी/मोठी) ५०/१०० पासून सुरू, दर २० मिनिटांनी वाढणार. नियम येतात. नवखे नेमका कुठे मार खातात?

इस्पिक_सत्ती:
नियम येतात म्हणताय, तर आधी हे बघा. तीन पत्तीत सिक्वेन्स (ओळीने पानं) कलरच्या (एकाच रंगाची पानं) वर. होल्डेममध्ये उलटं, कलर म्हणजे फ्लश वर आणि सिक्वेन्स म्हणजे स्ट्रेट खाली. आणि जी ट्रेल (तीन सारखी पानं) आपण डोक्यावर घेऊन नाचतो ती या दोघांच्याही खाली! टेबलावर बदामाची तीन पानं उताणी पडलेली असताना हातातल्या स्ट्रेटवर ऑल-इन जाणारा, म्हणजे सगळ्या चिप्स लावणारा, कुणीतरी भेटतोच, आणि तो बहुतेक वेळा आपला दिवाळीवालाच असतो.

दुसरी खोड चाल देत राहायची. "बघू तरी पुढचं पान" म्हणून किलवरची नव्वी-सत्ती घेऊन १०० चा कॉल, म्हणजे समोरच्याइतकीच रक्कम टाकायची. सुरुवातीला तुमच्याकडे १०० बिग (मोठे) ब्लाइंड असतात, त्यामुळे खुपत नाही. पण ब्लाइंड ५००/१,००० आणि वर १,००० चा अँटी (फेरीत एकदा भरायची जादा रक्कम) झाला की टेबलाची एक फेरी २,५०० ला पडते. ८,००० उरले असतील तर जेमतेम तीन फेऱ्यांचं आयुष्य. अशा वेळी नुसता कॉल करायचाच नाही, एकतर ऑल-इन नाहीतर पानं खाली. तुमच्यापर्यंत सगळ्यांनी फोल्ड केलंय (पानं टाकलीत), तुम्ही बटणावर (वाटणाऱ्याच्या जागी, मागे फक्त दोन ब्लाइंडवाले) आहात, हातात कुठलीही जोडी किंवा कुठलाही एक्का आहे, तर ढकला. मागच्या दोघांनी सोडलं की ८,००० चे १०,५०० झाले, तेही पान न दाखवता.

आधीच कुणी रेझ केलं (रक्कम वाढवली) असेल तर मात्र एक्का-पंजी फेकून द्यायची. समोर एक्का-राजा निघाला तर चारात एकदा वाचाल.

धीर_धरी:
इतकी घाई कशाला? मोठी पानं येईपर्यंत गप्प बसावं. राण्या, राजे, एक्के, नाहीतर एक्का-राजा. बाकी सगळं फोल्ड.

इस्पिक_सत्ती:
धीररावांनी हिशोब केलेला दिसत नाही. डीलर तासाला २५-३० हात वाटतो, म्हणजे २० मिनिटांच्या लेव्हलला (ब्लाइंडच्या एका टप्प्याला) आठ-दहा. तुम्ही म्हणता ती सगळी पानं मिळून सरासरी ३९ हातांत एकदा येतात. नुसत्या एक्क्यांची जोडी २२१ हातांत एकदा. म्हणजे दर चार लेव्हलला एक हात खेळणार, तोवर ब्लाइंड कुठे पोचलेले असतील? पहिल्या दोन-तीन लेव्हलना तुमचं बरोबर आहे, तेव्हा खरंच गप्प बसावं. नंतर वाट बघत बसणारा पत्त्यांनी नाही, घड्याळाने मरतो.

फोंड्याची_आवशी:
२०२० पासून आम्हां गोंयकारांना कसिनोत खेळायला बंदी, त्यामुळे बोटीवरचं ताजं काही सांगू शकत नाही. पण टेबलाच्या रीतीत फरक नसतो. ब्लाइंड १००/२०० असताना न बोलता ५०० ची एकच चिप टाकलीत तर तो कॉल धरतात, रेझ नाही. आधी तोंडाने "रेझ" म्हणा, मग चिपला हात लावा. आणि दोन हप्त्यांत चिप्स पुढे सरकवू नका, दुसरा हप्ता डीलर परत करतो.

अजून एक. समजा १८ जण आहेत, बक्षीस तिघांना, आणि चौघे उरलेत. एकाकडे दोनच ब्लाइंड शिल्लक, तुमच्याकडे बऱ्यापैकी. अशा वेळी सगळ्यात मोठा ढीगवाला ऑल-इन गेला तर एक्का-गुलाम घेऊन त्याला कॉल करायला जाऊ नका. तो दोन ब्लाइंडवाला आपोआप जाणार आहे हो, त्याला जाऊ द्या की.

अंबरनाथ_लोकल:
स्ट्रेट आणि फ्लशचं ऐकून पोटात गोळा आला, खरंच उलटं धरून बसलो होतो. रीबाय (चिप्स संपल्यावर पैसे भरून पुन्हा चिप्स) घ्यावा का? आणि सराव कुठे करू?

इस्पिक_सत्ती:
रीबाय किती घ्यायचे ते बोटीवर चढायच्या आधी ठरवा आणि तेवढेच पैसे खिशात ठेवा. उशिरा रीबाय घेतला की हातात दहा-बारा ब्लाइंडच येतात. तेव्हा वर सांगितलेलं ऑल-इन-नाहीतर-फोल्ड जमत असेल तरच घ्या.

सरावाचं म्हणाल तर २०२५ च्या कायद्याने पैशांचं ऑनलाइन पोकर बंदच आहे. फुकटच्या चिप्सवर कुणी फोल्ड करत नाही, तिथे ब्लफ शिकायला जाऊ नका. त्यापेक्षा घरी पाच-सहा जण जमवा, पैसे न लावता. फोनवर दहा मिनिटांचा गजर लावा, वाजला की ब्लाइंड वाढवायचे. आणि बटण म्हणून कॅरमची सोंगटी चालते.