स्पेसिफिकेशनवरून रिकर्सिव्ह प्रोग्राम आपोआप: सुरुवात कुठून करू?

कापूसपट्टा
नमस्कार मंडळी. दारव्ह्याजवळच्या खेड्यातून लिहितेय, एमसीएचं शेवटचं वर्ष. काय हवं ते तर्काच्या भाषेत लिहायचं आणि त्यावरून रिकर्सिव्ह, म्हणजे स्वतःलाच पुन्हा बोलावणारा, प्रोग्राम यंत्रानं काढायचा, असा प्रोजेक्ट घेतलाय. लॅपटॉप साधा, नेट मोबाईलचं, लाईन कधीही जाते. काय वाचू? कोणतं टूल घेऊ?

वर्धेकर
ताई, टूल सध्या राहू द्या. झोहर मॅना आणि रिचर्ड वॉल्डिंगर यांचा 1980 चा डिडक्टिव्ह सिंथेसिसचा (म्हणजे सिद्धतेतून प्रोग्राम काढण्याचा) पेपर घ्या आणि सोबत कागदावर भागाकार सोडवा. स्पेसिफिकेशन शाळेतलंच: भाज्य = भाजक × भागाकार + बाकी, आणि बाकी भाजकापेक्षा लहान. संख्या पूर्ण, ऋण नाहीत, भाजक शून्याहून मोठा. उत्तर कसं काढायचं हे यात कुठंच नाही.

आता असं उत्तर असतंच, हे सिद्ध करा. भाज्य भाजकाहून लहान असेल तर भागाकार 0, बाकी म्हणजे भाज्यच. नसेल तर भाज्यातून भाजक वजा करा. ही संख्या लहान झाली, तेव्हा इंडक्शननं (लहान संख्यांसाठी खरं धरून मोठीसाठी सिद्ध करायचं) तिचं उत्तर आहे असं धरा. त्या भागाकारात 1 मिळवा, बाकी तीच ठेवा. झालं! इंडक्शनचं गृहीतक जिथं वापरलं तिथंच रिकर्सिव्ह कॉल येतो, दोन शक्यता केल्या तिथं इफ. भाजक शून्य चालू दिला तर वजा करूनही संख्या घटत नाही, प्रोग्राम थांबतच नाही. या विषयातलं मला सगळ्यात आवडणारं ठिकाण हेच.

पुसदवाला
भाऊ, सिद्धता बरोबर आहे, पण प्रोजेक्टमध्ये चालतं काहीतरी दाखवा लागते. ताई, 2016 चं सिनक्विड हे टूल पाहा. त्यात अट टाईपमध्येच (फंक्शन काय घेतं, काय देतं त्याच्या वर्णनात) लिहायची, तर्काच्या अटी तपासणाऱ्या झेड-थ्री सॉल्व्हरच्या मदतीनं ते रिकर्सिव्ह फंक्शन शोधते. हॅस्केल भाषेत लिहिलेलं आहे, बिल्डला डाउनलोड भरपूर, ते कॉलेजच्या नेटवर उरकून घ्या. डॅफ्नी हे दुसरं टूल शिकायला सोपं, पण ते मुख्यतः पडताळणी करते, प्रोग्राम आपल्यालेच लिहा लागते.

कापूसपट्टा
दादा, निघालेला प्रोग्राम हळू चालला तर?

वर्धेकर
त्यासाठी बर्स्टॉल आणि डार्लिंग्टन यांची 1977 ची अनफोल्ड-फोल्ड (उलगडा-घडी) पद्धत वाचा. फिबोनाचीची व्याख्या (प्रत्येक संख्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज) जशीच्या तशी चालवली तर कॉल घातांकी वाढतात. लागोपाठच्या दोन संख्यांची जोडी एकदम देणारं फंक्शन घ्या, व्याख्या उलगडा, तेच रूप परत दिसलं की घडी घाला, म्हणजे तिथं त्याच फंक्शनचा कॉल लिहा. काम रेषीय होतं. जोडी घेण्याची युक्ती मात्र त्यांच्या पद्धतीत माणसानंच पुरवायची असते. प्रोजेक्टमध्ये भागाकार आणि फिबोनाची ही दोनच उदाहरणं घ्या, पण प्रत्येक पायरी लिहून.