जव्हार संस्थानाच्या इतिहासावर पुस्तकं सुचवा (मराठी, हजाराच्या आत)

मेघा_नौपाडा
बाबांची उमेदीची वर्षं जव्हारच्या एसटी डेपोत गेली. आता ठाण्याला माझ्याकडे असतात आणि डोळे साथ देतायत तोवर जव्हारविषयी वाचायचं म्हणतात. मुकणे राजे, संस्थानी कारभार, वारली-कोकणा लोक, काहीही चालेल. अटी तीनच: मराठी हवं, छापील हवं (मोबाइलवर ते वाचत नाहीत), आणि सगळं मिळून हजार रुपयांच्या आत.

ग्रंथप्रेमी_डोंबिवली
गॅझेटिअरला, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथाला, पर्याय नाही. कॅम्पबेलने संपादलेला मुंबई इलाख्याचा तेरावा खंड, ठाणे, १८८२. जव्हार संस्थानाची माहिती त्यात आहे. मी मूळ आवृत्ती फोर्टातल्या जुन्या पुस्तकवाल्याकडून साडेचार हजारांना घेतली, बांधणी अजून शाबूत आहे. ज्याला ठाणे जिल्हा समजून घ्यायचाय त्याने एवढा खर्च करावाच.

सानपाडा_सेक्टर५
गॅझेटिअरला माझंही मत. पण पुनर्मुद्रण डोळे झाकून मागवू नका. मला आलेल्या प्रतीत घडीचा नकाशा न उलगडताच स्कॅन केलेला, तक्त्यांचे उजवीकडचे रकाने कापलेले. विक्रेत्याने परतही घेतली नाही. पैसे भरण्याआधी नकाशाच्या पानाचा फोटो मागा. तसं सरकारच्या दर्शनिका (गॅझेटिअर) विभागाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतं.

मेघा_नौपाडा
दोघांचे आभार. पण ते इंग्रजीत आहे ना?

ग्रंथप्रेमी_डोंबिवली
इंग्रजी आहे, पण दोन-चार पानांत सवय होते. संस्थानाचा मूळपुरुष जयबा मुकणे याची गोष्ट बाबांना नक्की आवडेल. बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली आणि कातड्याच्या बारीक वाद्या कापून सगळा मुलूख वेढला!

कळवेकर
ही गोष्ट इतिहास म्हणून कुणाच्या हातात देऊ नका. कार्थेजच्या डिडो राणीबद्दल हीच गोष्ट रोमन कवीने सांगितली आहे. कॅम्पबेल साहेबाने कानावर आलं ते लिहून घेतलं. ठाम धरायचं तर १३४३ धरा. जयबाचा मुलगा नेमशाहा याला दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली, ते साल.

ग्रंथप्रेमी_डोंबिवली
दंतकथाही संस्थानाचीच ठेव आहे. लोकांनी हीच गोष्ट का जपली, हा प्रश्न इतिहासाचाच.

कळवेकर
प्रश्न इतिहासाचा, उत्तर नव्हे. गावोगावच्या पुस्तिकांत ती सनावळीसकट छापतात, त्याचा मला राग आहे.

सह्याद्री_भटका
पुस्तिकांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. जव्हारजवळच्या शिरपामाळला तिथला राजा विक्रमशाहा याने शिवरायांचा सन्मान केला, सुरतेच्या १६६४ च्या स्वारीच्या वेळी, हे जव्हारचं प्रत्येक पत्रक सांगतं. १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार घेतलं आणि त्याच विक्रमशाहाला मुलूख सोडावा लागला, हे मात्र गाळतात. जदुनाथ सरकारांच्या १९१९ च्या शिवचरित्रात आहे ते. दोन्ही साली शेजारी ठेवल्याशिवाय लहान संस्थानिकाची कोंडी कळत नाही. एका बाजूला मुघल, दुसऱ्या बाजूला मराठे, समुद्राकडे पोर्तुगीज. मैत्री कुणाशी आणि किती दिवस, हे त्याच्या एकट्याच्या हातात नव्हतं. ताई, पुस्तिका घ्याल तेव्हा आधी १६७२ शोधा. ते असेल तर लिहिणाऱ्याने मेहनत घेतलीय असं समजा.

बेलापूर_वाचक
महिकावतीची बखर घ्या! इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १९२४ साली संपादित केलेली. मराठी आहे, बजेटमध्येही बसेल. त्यांची प्रस्तावना वाचूनच मी इतिहासाकडे वळलो.

कळवेकर
ती केळवे-माहीमच्या किनाऱ्याची. घाटाखालच्या जंगलपट्टीतलं जव्हार त्यात शोधायला जाल तर हाती फारसं लागणार नाही.

बेलापूर_वाचक
किनारा न वाचता डोंगर कळत नाही, असं माझं मत. असो.

ग्रंथसखी_ठाणे
मेघाताई, आधी विकत घेऊच नका. ठाण्यातच मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, १८९३ पासूनचं. बाबांना तिथे घेऊन जा. सूचीत ‘पालघर’ शोधत बसू नका. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. संस्थान १९४८ ला विलीन झालं तेव्हापासून तोवर जव्हार ठाणे जिल्ह्यातच होतं, त्यामुळे जुनी पुस्तकं ठाण्याखालीच लावलेली सापडतील. संस्थानाचे वार्षिक कारभार अहवालही निघत. शाळा, दवाखाने, जंगलाचं उत्पन्न असे तपशील अशाच अहवालांत मिळतात. त्यासाठी मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात विचारा.

नेरुळकर_काका
गॅझेटिअर घ्या. १९८२ ची सुधारित आवृत्तीही आहे.

मेघा_नौपाडा
काका, तीही इंग्रजीच असणार ना?

नेरुळकर_काका
हो. पण टाइप मोठा आहे.

लाल_पाऊलवाट
ताई, तुम्ही वारल्यांचं नाव घेतलंत म्हणून सुचवते. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’. १९४५ पासूनचा वारल्यांचा लढा, वेठबिगार, कर्जापायी लग्नगडी म्हणून जुंपलेली जोडपी. साहित्य अकादमीचा पुरस्कार आहे, आणि हजारात सहज बसतं.

ग्रंथप्रेमी_डोंबिवली
पुस्तक थोरच, पण ते डहाणू-तलासरीकडचं. तो ब्रिटिश मुलूख होता. धागा जव्हार संस्थानाचा आहे.

कळवेकर
या बाबतीत ग्रंथप्रेमींशी सहमत. विषयाला धरून नाही.

लाल_पाऊलवाट
सरहद्द कागदावर होती. माणसं तीच, सोयरिकी तिकडून इकडे होत होत्या.

मेघा_नौपाडा
काल बाबांना हा सगळा धागा वाचून दाखवला. शिरपामाळ आणि १६७२ चा भाग त्यांनी पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाले, “राजांचं नंतर बघू. माझ्या गाडीत बसायचे त्या लोकांचं आधी आण.” गोदूताईंचं पुस्तक आज स्टेशनजवळच्या दुकानात सांगून आले, गुरुवारी येईल. उरलेल्या पैशांत ग्रंथ संग्रहालयाची वर्गणी भरतेय. ग्रंथसखी, तिथे दुपारी बसून वाचायला जागा मिळते का? बाबांना जिना चढवत नाही.