व्हेनिअर बसवावेत का? पुढच्या दातांवर तपकिरी डाग आणि मधे फट (इंदूर) : मदत हवी आहे

सराफा_इंदूर

मंडळी, पुतणीसाठी विचारतोय. वय २६. लहानपण धार जिल्ह्यात, बोअरच्या पाण्यावर गेलं. आता इथेच असते. वरच्या मधल्या दोन दातांवर तपकिरी डाग, शेजारच्या दातांवर खडूसारख्या पांढऱ्या रेषा आणि मधल्या दोघांत २ मिमी फट. कीड नाही, हिरड्या ठीक. सकाळी जबडा आखडलेला असतो. डॉक्टरांनी वरच्या ८ दातांना पोर्सेलिनचे व्हेनिअर (दातांवर पुढून चिकटवायचे पातळ पापुद्रे) सुचवले आहेत, दात थोडे तासावे लागतील म्हणाले. लग्न साडेतीन महिन्यांवर आलंय. तासणं म्हणजे किती? पुढे त्रास काय होतो? त्याआधी दुसरं काही करून पाहता येतं का?

मालवाकर

वर्णन फ्लोरोसिसचं वाटतं, म्हणजे दात घडताना पोटात फ्लोराइड जास्त गेल्याने पडलेले डाग. धार-झाबुआ पट्ट्यात अनेक ठिकाणी जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर असता कामा नये. पुढच्या दातांचं एनॅमल (दातावरचं कठीण पांढरं कवच) पहिल्या तीन-चार वर्षांत तयार होतं, डाग त्या वेळचे आहेत. आता नर्मदेचं पाणी पिते म्हणून ते वाढणार नाहीत, पण ब्रशने घासूनही जाणार नाहीत.

आधी डाग किती खोल आहे ते पाहायला सांगा. दाताच्या मागून क्युरिंग लाइट (दवाखान्यातला तीव्र निळा दिवा) धरतात. वरवरचा डाग उजेडात जवळपास विरून जातो, खोल असेल तर सावलीसारखा गडद दिसतो. वरवरचा असेल तर मायक्रोअब्रेजन : रबर डॅम (हिरड्या झाकणारा रबरी पडदा) लावून आम्ल आणि बारीक सिलिकॉन कार्बाइडची पेस्ट दातावर फिरवायची, दर वेळी ५-१० सेकंद, मग धुऊन पाहायचं. यात साधारण ०.१ ते ०.२ मिमी एनॅमल जातं. तपकिरी रंग याने बराच उतरतो. पांढऱ्या रेषांसाठी रेझिन इन्फिल्ट्रेशन जास्त चालतं, पातळ रेझिन (घट्ट होणारं प्लॅस्टिकसारखं द्रव्य) सच्छिद्र भागात मुरतं आणि रेष आजूबाजूच्या दातात मिसळून जाते.

मग घरचं ब्लीचिंग, १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड, मापाच्या ट्रेमधून रात्री, दोन-तीन आठवडे. पहिल्या काही दिवसांत पांढरे ठिपके उलट जास्त उठून दिसतात. तेव्हा घाबरून थांबू नका, पंधरा दिवसांनी रंग स्थिरावतो. ब्लीचिंगनंतर दोन आठवडे दातावर काहीही चिकटवू देऊ नका. दातात उरलेला ऑक्सिजन रेझिनला नीट घट्ट होऊ देत नाही आणि पकड कच्ची राहते.

तासण्याबद्दल. हिरडीपाशी एनॅमलच मुळात ०.३ ते ०.५ मिमी असतं. नेहमीच्या पद्धतीत तिथे ०.३, मधे ०.५ आणि टोकाकडून १ ते १.५ मिमी काढतात. हिरडीजवळ हात जरा जड पडला की खालचं डेंटिन (एनॅमलखालचा मऊ थर) उघडं पडतं. डेंटिनवरची पकड एनॅमलइतकी टिकत नाही, थंड पाण्याच्या झिणझिण्या आणि कडेला काळी रेघ येते ती बहुतेक इथूनच. एनॅमल शाबूत असेल तर पोर्सेलिन १० वर्षांनीही दहातले नऊ जागेवर असतात. पण तासलेलं एनॅमल परत येत नाही आणि २६ व्या वर्षी बसवलेले व्हेनिअर आयुष्यात दोनदा तरी बदलावे लागतील हे धरूनच चाला.

फ्लोरोसिसच्या दाताचा वरचा थर आम्लाला दाद देत नाही. म्हणून चिकटवण्याआधी एचिंग (आम्लाने पृष्ठभाग खरखरीत करणं) नेहमीच्या १५-३० सेकंदांपेक्षा जास्त वेळ करतात किंवा पृष्ठभाग आधी हलका खरवडतात. हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. उत्तर चटकन आलं तर समजा त्यांनी असे दात हाताळले आहेत.

सराफा_इंदूर

मग ८ का म्हणाले असतील? डाग तर दोनच दातांवर आहेत.

लॅबमधला

कारण फट असू शकतं. वरचा मधला दात साधारण ८.५ मिमी रुंद आणि १०.५ मिमी लांब असतो. २ मिमी फट दोघांतच भरली तर प्रत्येकी ९.५ मिमी होतो, म्हणजे जवळजवळ चौकोनी. रुंदी लांबीच्या ७५-८० टक्के असली की दात डोळ्यांना बरा दिसतो. ती जास्तीची रुंदी शेजारच्या दातांत वाटायची म्हणून संख्या वाढते. शिवाय पूर्ण हसल्यावर किती दात दिसतात हेही पाहतात. पण ४ मध्ये भागतंय का ते विचारा.

एक मधला मार्ग आहे : फट कॉम्पोझिटने (दाताच्या रंगाचं भरण) थोडी कमी करायची, पूर्ण मिटवायचा हट्ट नाही. दात तासावा लागत नाही. पाच-सात वर्षांनी पुन्हा करावं लागेल, चहा-हळदीने रंग धरेल, पॉलिश करून घ्यायचं. वरच्या ओठाची शीर (ओठ हिरडीला जोडणारी पट्टी) दोन दातांच्या मधे खूप खाली आलेली असेल तर ती आधी दाखवा.

काही तासण्याआधी मॉक-अप मागा. मेणात दात घडवून सिलिकॉनचा साचा काढतात आणि त्यातून दातांवर तात्पुरतं प्लॅस्टिक बसवतात. तोंडात असताना तिला ‘सहासष्ट’, ‘वावर’, ‘फळा’ म्हणायला लावा. ‘स’ला शीळ निघाली किंवा ‘व’ला दाताची कड खालच्या ओठात रुतली, तर लांबी चुकली आहे. हे इथेच सुधारतं, पोर्सेलिन भाजल्यावर नाही.

जबडा आखडतो म्हणजे झोपेत दात खात असावी. सुळ्यांची टोकं घासून सपाट झालीत का पाहा. तसं असेल तर पोर्सेलिनचे टवके उडतात. आधी नाइट गार्डचा (रात्री दातांवर घालायचं संरक्षक कवच) प्रश्न सोडवा. व्हेनिअर बसल्यावर भुट्ट्याचा कीस खुशाल खाऊ दे, पण अख्खं कणीस, ऊस, सुपारी पुढच्या दातांनी नको.

मालवाकर

वेळेचं गणित : मायक्रोअब्रेजन एक भेट, ब्लीचिंग तीन आठवडे, थांबणं दोन, कॉम्पोझिट एक भेट. सात आठवड्यांत होतं. त्यानंतरही डाग खटकला तर फक्त त्या दोन दातांना व्हेनिअर करायला जवळजवळ दोन महिने उरतात. तात्पुरते व्हेनिअर हळदीने दोन दिवसांत पिवळे पडतात, ते तोंडात असताना हळदीचा कार्यक्रम येऊ देऊ नका. दुसरं मत हवं असेल तर इंदूरच्या सरकारी दंत महाविद्यालयात दाखवा, जाताना आधीच्या डॉक्टरांचे फोटो आणि एक्स-रे सोबत न्या.

सराफा_इंदूर

तिला सगळं वाचून दाखवलं. सोमवारी मागून लाइट धरून बघायला सांगतोय, डाग किती खोल निघाला ते इथेच लिहितो.