अनेक देशांचे आरोग्यधोरण एक करायचे म्हणजे नेमके काय एक करायचे?

प्रश्न : विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

नमस्कार. मी सोलापुरात सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण घेत असून पुढच्या आठवड्यात वर्गात मला अनेक देशांच्या समान आरोग्यधोरणावर मांडणी करायची आहे. १८५१ च्या पॅरिस परिषदेपासून २००५ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीपर्यंत वाचायला पुष्कळ मिळाले. पण जिकडे तिकडे 'सहकार्य', 'समन्वय' आणि 'बांधिलकी' हेच शब्द फिरून फिरून येतात. दोन-तीन देशांची माणसे एका टेबलाभोवती बसतात तेव्हा कागदावर पहिली ओळ कोणती लिहितात, हे काही सापडत नाही. दवाखान्यांची रचना वेगळी, पैसा वेगळा, भाषा वेगळी. मग सगळ्यांनी सारखे काय ठेवायचे आणि ज्याच्या त्याच्यावर काय सोडायचे?

उत्तर १ : निवृत्त अध्यापक, पीएसएम (रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) विभाग

पहिली ओळ बहुधा व्याख्येची असते. काळा आजार सोलापुरात केवळ परीक्षेपुरता वाचला जातो, पण आपल्या प्रश्नाला त्याच्याइतके चांगले उदाहरण मला दुसरे आठवत नाही. वाळूमाशीमार्फत पसरणारा हा आजार बिहारमध्ये आणि त्याला लागून असलेल्या नेपाळच्या तराईत सारखाच होता; तिथली सीमा खुली असल्याने रुग्ण पासपोर्टाशिवाय या बाजूचा त्या बाजूला जातो, त्यामुळे एकट्या देशाने केलेले काम टिकण्यासारखे नव्हते. म्हणून २००५ मध्ये भारत, नेपाळ आणि बांगलादेश यांनी सामंजस्य करार केला.

रुग्ण कोणाला म्हणायचे हे सारखे ठेवले : दोन आठवड्यांहून अधिक ताप, वाढलेली पाणथरी, आणि बोटाच्या थेंबभर रक्तावर होणारी आरके-३९ पट्टीची चाचणी. उद्दिष्टही एकच, वर्षाला १० हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण. मात्र हे प्रमाण कोणत्या पातळीवर मोजायचे, हे ज्याने त्याने आपल्या प्रशासनाप्रमाणे ठरवले. भारताने विकासगट धरला, बांगलादेशाने उपजिल्हा आणि नेपाळने जिल्हा. एकक मोठे असेल तर चार गावांतला उद्रेक जिल्ह्याच्या सरासरीत विरून जाऊ शकतो, त्यामुळे ही तडजोड निरुपद्रवी नाही. पण ती केली नसती तर करारच झाला नसता, असे माझे मत आहे. उद्दिष्ट गाठण्यासाठी ठरवलेली २०१५ ची मुदत हुकली. पुढे २०२३ मध्ये बांगलादेश हा उद्दिष्ट गाठल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेला जगातला पहिला देश ठरला.

उत्तर २ : निवृत्त आरोग्यसेवक, अक्कलकोट तालुका

मी परदेशी परिषदा पाहिलेल्या नाहीत; माझी सीमा कर्नाटकाची. इकडे दुधनी, पलीकडे आळंद आणि अफझलपूर. पल्स पोलिओच्या दिवसांत ऊसतोडीच्या कोप्यांवर गेलो की आधी मुलाची डावी करंगळी हातात घ्यायची आणि नखावर शाई आहे का ते पाहायचे. शाई दिसली की पलीकडच्या कर्मचाऱ्याने डोस पाजला आहे हे कळायचे, आणि त्यासाठी मला कन्नड येण्याची गरज नव्हती. लसीच्या कुपीवरचे व्हीव्हीएम, म्हणजे उष्णता लागली की रंग बदलणारी खूण, हेही तसेच : वर्तुळातला चौकोन फिकट असेल तर लस वापरायची, वर्तुळाइतका गडद झाला की कुपी बाजूला काढायची. एकदा भर दुपारी शीतपेटी उघडली तर निम्म्या कुप्यांचे चौकोन काळपट पडलेले होते. त्या दिवशी वाद घालायला जागाच उरली नाही, कारण ही खूण जगात सगळीकडे एकाच पद्धतीने वाचली जाते.

अडचण निराळीच असे. टोळीतली मुले गावच्या यादीत असत पण गावात नसत, आणि आमच्या फडावर असत पण आमच्या यादीत नसत. हाच घोळ दोन देशांमध्ये झाला तर काय होईल, याचा विचार आपल्या मांडणीत अवश्य यावा.

उत्तर ३ : टॉवेल निर्यातदार, अक्कलकोट रोड एमआयडीसी

व्याख्या आणि खुणा ठीक आहेत, पण खरे सांगण्याची किंमत कोण मोजणार, हा प्रश्न आपण तिघांनीही सोडून दिला आहे. १८५१ च्या परिषदेला प्रत्येक देशाने एक वैद्य आणि एक मुत्सद्दी पाठवला होता, कारण पटकीइतकीच (कॉलऱ्याइतकीच) चिंता जहाजे अडकून पडण्याची होती. आणि पहिला प्रभावी करार व्हायला १८९२ साल उजाडले. मुंबईत प्लेग आल्यावर १८९७ मध्ये पुन्हा व्हेनिसला बसावे लागले, हे आपल्या इतिहासातलेच आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेने ओमिक्रॉनची माहिती तत्परतेने दिली आणि काही दिवसांतच तिच्यावर प्रवासबंदी लादली गेली. व्यापारी म्हणून सांगतो, असा अनुभव आलेला माणूस पुढच्या वेळी तोंड उघडण्याआधी दहादा विचार करतो.

इंडोनेशियाने २००७ मध्ये बर्ड फ्लूच्या विषाणूचे नमुने देणे थांबवले होते, तेही याच हिशेबाने : नमुने आमचे, त्यावरून होणारी लस मात्र आम्हालाच परवडणार नाही. त्यातून २०११ मध्ये नमुने आणि लाभ वाटून घेण्याची, इन्फ्लुएंझापुरती एक चौकट तयार झाली. मे २०२५ मध्ये महामारी करार स्वीकारला गेला तेव्हाही नमुने आणि लाभ यांच्या वाटणीचे परिशिष्ट पुढच्या वाटाघाटींवरच सोपवले गेले. गाडे नेहमी तिथेच अडते.

विद्यार्थिनी :

आपणा सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. मांडणीचा आरंभ मी 'उद्दिष्टे' या शीर्षकाने केला होता. ते खोडून आता रुग्णाची व्याख्या, मोजणीचे एकक आणि माहिती देणाऱ्याची भरपाई या क्रमाने लिहीत आहे. काका, एक विचारते : कोप्यांवरची ती मुले शेवटी कोणाच्या आकड्यात धरली जात?

निवृत्त आरोग्यसेवक :

डोस ज्याने पाजला त्याच्या. पण वाटपाचे उद्दिष्ट यादीवरून येई, त्यामुळे आमचे काम शंभर टक्क्यांच्या वर दिसे आणि त्यांच्या गावचे कमी. खरा हिशेब आम्ही वेगळ्या कच्च्या वहीत ठेवत असू, आणि हंगाम संपला की ती वही घेऊन पलीकडच्या आरोग्यसेवकाशी चहाच्या टपरीवर नावे जुळवत असू.