साईकृपा सोसायटी, फक्त सूचना: बोहारणीचा फोटो

शिंदे (ए-१०३), सकाळी ११:४२
(फोटो)
सावधान. ही बाई आत्ता आपल्या गेटपाशी घुटमळत होती. कडेवर मूल, ते सारखं रडत होतं. तिचं वाटत नाही. वॉचमनने हाकललं तर भरभर निघून गेली. कालच मुलं पळवणाऱ्या टोळीचा मेसेज आला होता. सगळ्यांनी आपापल्या ग्रुपवर टाका.

पाटील, सेक्रेटरी
वॉचमनला बजावलं आहे. अनोळखी माणूस आत सोडायचा नाही. मुलांना खाली एकटं पाठवू नका.

देशपांडे काका (बी-२०१)
हे लोक कुठून येतात ते सगळ्यांना माहीत आहे. बोलायची चोरी, एवढंच.

शेख सर (सी-१०१)
कुठून येतात, काका?

कुलकर्णी काकू (बी-३०४)
अहो थांबा, थांबा. फोटो मोठा करून बघा. ती आपली बोहारीण आहे!! १५ वर्षं येतेय माझ्याकडे. कडेवर तिची नात आहे. लेक बाळंतपणाला आलीय, म्हणून थोरल्या नातीला घेऊन फिरते. आत्ता साडेदहाला माझ्याकडून चार साड्या नि यांच्या दोन पँटी घेऊन गेली.

शिंदे (ए-१०३)
काकू, पण बोहारणीकडे गाठोडं असतं ना? भांड्यांची पाटी असते.

कुलकर्णी काकू (बी-३०४)
होतं की. फोटोत डाव्या बाजूला माझ्या हिरव्या साडीचा काठ दिसतोय बघ. बाकीचं कुठे गेलं?

शिंदे (ए-१०३)
चेहरा नीट दिसावा म्हणून मी जरा क्रॉप केला होता.

कुलकर्णी काकू (बी-३०४)
आणि पोरगी रडत होती कारण गेटवरचं आपलंच कुत्रं तिच्या अंगावर भुंकलं. मी गॅलरीतून बघत होते.

वैशाली अहिरराव (बी-४०२)
मी या ग्रुपवर कधी लिहीत नाही, आज लिहिते. लांबलं तर समजून घ्या. माझं माहेर पिंपळनेरचं, साक्री तालुका. राईनपाडा तिकडेच. १ जुलै २०१८, रविवार, तिथला बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षा मागत आली होती, पार मंगळवेढ्याकडची. एका लहान मुलीशी बोलताना कुणीतरी पाहिलं, एवढंच निमित्त झालं. ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारलं. पाचही जण गेले. पिढ्यान्‌पिढ्या भिक्षेवर फिरणारा समाज. आमच्या आजीच्या वेळी असे लोक दारात आले की सुपातून धान्य घालायचे.

त्याआधी कितीतरी दिवस सगळ्यांच्या फोनवर टोळीचे व्हिडिओ फिरत होते. माझ्या भावाने मलाही पाठवला होता. गल्लीत पोरं क्रिकेट खेळतायत, मोटरसायकलवरून दोघं येतात, एक पोर उचलतात आणि पसार. मी इथे नाशिकला बसून घाबरले. धाकट्याला आठवडाभर खाली सोडलं नाही. नंतर कळलं की व्हिडिओ कराचीचा. मुलांवर लक्ष ठेवा हे सांगायला तिथल्या एका संस्थेने केलेली ती फिल्म होती. शेवटी ते दोघं पोर परत आणून सोडतात आणि हातातली पाटी दाखवतात. तेवढा शेवट कुणीतरी कापला होता. शिंदे, राग मानू नका. तुम्ही गाठोडं कापलंत.

शिंदे (ए-१०३)
ताई, माझ्या मनात तसं काही नव्हतं. घरात दोन लहान मुलं आहेत.

वैशाली अहिरराव (बी-४०२)
माहीत आहे. भावाच्याही मनात नव्हतं. त्यालाही लहान मुलं आहेत.

देशपांडे काका (बी-२०१)
उगाच सगळं मोबाइलच्या माथी मारू नका. २१ सप्टेंबर १९९५, गणपती दूध प्यायला. तेव्हा कुठे होतं व्हॉट्सअॅप? सकाळी दिल्लीत सुरू झालं, दुपारपर्यंत इकडे देवळापुढे रांगा. मीही वाटीभर दूध घेऊन गेलो होतो.

कुलकर्णी काकू (बी-३०४)
आमच्या यांनी २०१६ ला २००० ची नोट ट्यूबलाइटसमोर धरून चिप शोधली होती. ते तर टीव्हीवर दाखवत होते.

पाटील, सेक्रेटरी
कृपया विषयावर या. उद्या टाकी साफसफाई, पाणी १० ते १ बंद राहील.

शेख सर (सी-१०१)
काका, गणपतीच्या दुधाने कुणी मेलं नाही. आता विषय निघालाच आहे तर बोलतो. १६ एप्रिल २०२०, पालघरचं गडचिंचले. दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर. लॉकडाउनमध्ये रात्री चोर येतात, मुलं पळवतात अशी आवई आधीपासून होती, तिने तिघांचा जीव घेतला. मग दुसरी आवई उठली. व्हिडिओत कुणीतरी ‘ओय बस’ म्हणतं, ते ‘शोएब बस’ म्हणून देशभर फिरलं. २२ एप्रिलला गृहमंत्री अनिल देशमुखांनी अटक केलेल्या १०१ जणांची नावंच जाहीर केली. त्यात एकही मुसलमान नव्हता.

‘शोएब’चा व्हिडिओ या ग्रुपवर आला होता. ती यादी आली नाही. तेव्हा सोसायटीत भाजीच्या पिशव्या मी वाटायचो. त्या आठवड्यात दोन घरांनी दारातली पिशवी उचलली नाही. मी काही बोललो नाही. संध्याकाळी परत घेऊन आलो, आमच्याकडे दोन दिवस दुधी झाला.

(यानंतर ११ मिनिटं कुणीही काही लिहिलं नाही.)

देशपांडे काका (बी-२०१)
तो व्हिडिओ मी टाकला होता. पिशवी आम्ही घेतली होती, हे मात्र सांगतो. आणि यादीचं मला आज कळतंय. तुम्हाला खोटं वाटेल, पण मी अकरा ग्रुपवर आहे, एकावरही ती आली नाही.

ओंकार (सी-३०२)
येणारच नाही काका. शाळेचा ग्रुप, बँकेतल्या निवृत्तांचा ग्रुप, सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा ग्रुप. अकराच्या अकरा ठिकाणी तीच माणसं नाहीतर त्याच विचाराची. एकच मेसेज चार ठिकाणांहून आला की वाटतं, चार जण सांगतायत म्हणजे खरं असणार. मुळात तो एकाच माणसाचा असतो.

देशपांडे काका (बी-२०१)
आणि तुमचे ग्रुप गंगाजळाने धुतलेले?

ओंकार (सी-३०२)
नाही ना. लोकसभेच्या वेळी मतदान यंत्रं नेणाऱ्या टेम्पोचा व्हिडिओ मीच तुमच्या तोंडावर मारला होता, आठवतंय? तो दुसऱ्याच राज्यातला आणि जुना निघाला. मला तिसऱ्या दिवशी कळलं. गुपचूप डिलीट केला, खुलासा केला नाही. कारण आमच्या ग्रुपवर ‘तो खोटा होता’ म्हटलं असतं तर सगळे म्हणाले असते, तू कधीपासून त्यांच्या बाजूचा झालास?

कुलकर्णी काकू (बी-३०४)
त्याच भांडणातून ‘कट्टा’ आणि ‘खरा कट्टा’ असे दोन ग्रुप झाले. मी दोन्हींवर आहे. एका ग्रुपवर जो देव, तो दुसऱ्यावर चोर. गुड मॉर्निंगची फुलं तेवढी सारखी.

जोशी (ए-३०१)
पण हे फेसबुकवाले मुद्दाम करतात असं वाचलं होतं.

ओंकार (सी-३०२)
फेसबुकचं वेगळं. २०१९ च्या फेब्रुवारीत त्यांच्याच एका संशोधकाने भारतात नवं खातं उघडून पाहिलं. स्वतः काही शोधायचं नाही, ते सुचवेल ते फक्त बघत जायचं. त्याच सुमारास पुलवामा झालं. तीन आठवड्यांत इतके मृतदेहांचे फोटो समोर आले की तेवढे आख्ख्या आयुष्यात पाहिले नव्हते, असं त्या अहवालात लिहिलंय. २०२१ मध्ये ती कागदपत्रं बाहेर आली. व्हॉट्सअॅपवर मात्र सुचवणारं कुणी नाही. तिथे आपणच एकमेकांना वाढतो.

जोशी (ए-३०१)
फॉरवर्डला बाण येतो की. दोन बाण, म्हणजे खूपदा फिरलेला, दिसले की मी उघडतच नाही.

ओंकार (सी-३०२)
राईनपाड्यानंतर, जुलै २०१८ मध्येच व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड अशी मर्यादा आणली. एप्रिल २०२० पासून दोन बाणवाला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जातो. पण शिंदेंच्या फोटोला बाण होता का? त्यांनी स्वतः काढला, आपल्या गेटवर. मागे आपली नावाची पाटी दिसतेय. त्यावर कोण शंका घेणार? मी पण नाही घेतली. काकू बोलेपर्यंत मी तो बायकोला पाठवून मोकळा झालो होतो.

शिंदे (ए-१०३)
फोटो सगळ्यांसाठी डिलीट केला आहे. सर्वांची माफी मागतो. 🙏

शेख सर (सी-१०१)
शिंदे, अजून कुठे टाकला होता?

शिंदे (ए-१०३)
ऑफिसचा ग्रुप, शाळेच्या पालकांचा, गावचा. आणि समोरच्या दोन सोसायट्यांच्या सेक्रेटरींना. सगळीकडे खुलासा टाकतो.

जोशी (ए-३०१)
आत्ता माझ्या नणंदेकडून आला तो फोटो. ती अकोल्याला असते. खाली लिहिलंय, ‘जळगावात पकडली, कडेवरचं मूल चोरीचं’. आपल्या गेटची पाटी पण कापली आहे कुणीतरी.

शिंदे (ए-१०३)
पालकांच्या ग्रुपवर खुलासा टाकला. फोटोला ४० अंगठे होते, खुलाशाला दोन. एकाने विचारलंय, ‘निर्दोष कशावरून?’ काय उत्तर देऊ?

कुलकर्णी काकू (बी-३०४)
माझा नंबर दे त्याला.

पाटील, सेक्रेटरी
वॉचमनला सांगितलं आहे, बोहारीण पुन्हा आली तर सोडायचं. तिचं नाव काय? रजिस्टरमध्ये लिहून ठेवतो.

कुलकर्णी काकू (बी-३०४)
नाव... १५ वर्षांत कधी विचारलं नाही हो. फोनमध्ये ‘बोहारीण’ म्हणूनच आहे. आत्ताच फोन केला होता. तिला फोटोचं काही माहीत नाही, मीही सांगितलं नाही. वॉचमन अंगावर आला एवढंच म्हणाली, आता महिनाभर या बाजूला येत नाही म्हणे. चार साड्या नि दोन पँटींवर स्टीलचा डबा ठरला होता, झाकण घट्ट बसेना म्हणून बदलून आणते म्हणाली होती. तो राहिला.